अंदमानच्या बोटीच्या तिकिटात 28,598 रुपये गेले

डिसेंबरात अंदमानला जायचं ठरलं. विमान, हॉटेल सगळं झालं होतं, राहिली होती पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बोट. सुट्ट्यांत ही तिकिटं संपतात हे सगळेच सांगतात, त्यामुळे घाई होतीच. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली साइट उघडली. एका खऱ्या क्रूझ कंपनीचं नाव, लोगो, बोटीचे फोटो, सगळं जिथल्या तिथे. ती जाहिरात होती हे नंतर कळलं. बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, ते वाचतं कोण?

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. व्हॉट्सॲपवर गोड बोलणारा माणूस, 'सर, चारच सीट उरल्यात', क्यूआर कोड. चौघांचे जाऊन-येऊन 13,600 रुपये. पैसे टाकताना ॲपवर कंपनीचं नव्हे, भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे 'आमचे अकाउंटंट आहेत'. आता मला सांगा, आपल्याकडे अर्धे व्यवसाय मालकाच्या नाहीतर मेव्हण्याच्या खात्यावर चालतात. कोणाला संशय येणार?

पण तिकिटाचा विचार आला की आजही डोकं फिरतं. पीडीएफ आली, पीएनआर, चौघांची नावं, वयं, सगळं बरोबर. आणि परतीची वेळ: हॅवलॉकहून संध्याकाळी 7:15. अंदमान इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पर्यटकांच्या बोटी उजेडातच ये-जा करतात. सूर्यास्ताची वेळ मी स्वतः शोधून वहीत लिहिली होती, राधानगर बीचसाठी! वही आणि तिकीट एकाच टेबलावर होतं. बायको म्हणालीसुद्धा, 'रात्रीची बोट?' मी म्हटलं, 'सीझन आहे, जादा सोडली असेल.'

मग 'ओळखपत्र पडताळणी, परत मिळणारी रक्कम' म्हणून 4,999. ती परत मिळवायला 'सिस्टीममध्ये एंट्री जुळत नाही' म्हणून 9,999. हसू नका. आधीचे अडकले की माणूस ते सोडवायलाच पुढचे घालतो, हे लोक त्यावरच जगतात. 14,999 मागितले तेव्हा कुठे खऱ्या कंपनीला फोन लावला. असा पीएनआरच त्यांच्याकडे नव्हता.

लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. तुम्हीही आधी तेच करा, बँकेच्या रांगेत वेळ घालवू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबले तर थांबले. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (पेमेंटचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा आणि चॅट डिलीट करू नका, चिडून मी अर्धं उडवलं होतं.

खरा मनस्ताप त्यानंतरचा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, जबाबदारी तुमची. एफआयआर आणा, मग बघू. पोलीस ठाण्यात म्हणतात, 'अंदमानचं प्रकरण ना? तिकडे करा.' अहो, पैसे माझ्या घरातून, माझ्या खात्यातून गेले, अंदमानला मी अजून पाऊलही टाकलं नव्हतं! हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, तसं नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 173 मध्ये, लिहिलेलंच आहे. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' वर शेजारच्या हवालदाराचा प्रेमळ सल्ला: 'एवढे शिकलेले, तरी कसे फसता?' अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना.

त्या ठगांच्या एका खात्यात 3,212 रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायचं विचारलं तर बँक म्हणते कोर्टाचा आदेश आणा, ठाणं म्हणतं बँकेला विचारा.

क्रूझचं तिकीट काढताना साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. व्हॉट्सॲपवरचा क्यूआर स्कॅन करू नका. पैसे टाकण्याआधी वेगळीकडून मिळवलेल्या नंबरवर कंपनीला फोन करा. आणि ती जाहिरात मी 'फसवी' म्हणून रिपोर्ट केली होती, त्यावर उत्तर आलं: नियमांचे उल्लंघन आढळले नाही.