चिंपांझींसाठी देणगी: विद्यापीठाला, मित्रसंस्थेला की सँक्चुअरीला?

विद्यापीठाच्या प्रायमेट केंद्राला (माकडे व वानरांचा अभ्यास आणि पालन करणाऱ्या केंद्राला) हातभार लावायचा म्हटले, तर चेक कुणाच्या नावाने लिहायचा हा पहिला प्रश्न. अमेरिकेत त्याला तीन वाटा आहेत: विद्यापीठाचे फाउंडेशन (विद्यापीठासाठी देणग्या स्वीकारणारी संस्था), केंद्राभोवती उभी राहिलेली स्वतंत्र मित्रसंस्था, किंवा प्राणी शेवटी जिथे जातात ती सँक्चुअरी, म्हणजे आश्रयस्थान. तिन्ही ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकी करकायद्याखालच्या धर्मादाय संस्था, असल्या तर करसवलत सारखीच. फरक कळतो तो केंद्र बंद पडल्यावर, आणि केंद्रे बंद पडतात.

वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्गचेच घ्या. खुणांची भाषा शिकलेली चिंपांझी वॉशू आणि तिचे चार सोबती १९९३पासून सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'चिंपांझी अँड ह्यूमन कम्युनिकेशन इन्स्टिट्यूट'मध्ये राहत होते. विद्यापीठाच्या जोडीला १९८१पासूनची 'फ्रेंड्स ऑफ वॉशू' ही संस्था होती, शिवाय पाहुण्यांसाठी 'चिंपोझियम' नावाची तिकीट लावलेली माहितीसत्रे. मोजा २००२मध्ये गेली, वॉशू २००७मध्ये, दार २०१२मध्ये. उरले टाटू आणि लूलिस. दोन चिंपांझींचा गट होत नाही आणि नवे आणून जुळवणे जोखमीचे व खर्चिक असते. २०१३च्या ऑगस्टमध्ये दोघांना कॅनडातल्या क्वेबेकमधल्या 'फॉना फाउंडेशन'कडे हलवले.

देणगीदाराने इथे थांबून विचार करावा. विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे दिलेला पैसा विद्यापीठाचा असतो. प्राणी गेले तरी निधी तिथेच राहतो आणि 'मूळ हेतूला जवळच्या' कामाकडे वळवला जातो, म्हणजे बहुधा शिष्यवृत्तीकडे. मित्रसंस्थेच्या घटनेत हेतू 'या चिंपांझींचे पालन' असा लिहिलेला असेल, तर तिचा पैसा प्राण्यांच्या मागोमाग जाऊ शकतो. बंदिवासातला चिंपांझी पन्नाशीही गाठू शकतो. विभागप्रमुख आणि विद्यापीठाचे अग्रक्रम तेवढ्या काळात पाच-सहा वेळा बदलतात.

म्हणून विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी द्यायचे असेल तर विद्यापीठ उत्तम, प्राण्यांसाठी द्यायचे असेल तर नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. फाउंडेशनला द्यायचेच असेल तर आधी तीन गोष्टी ईमेलवर लेखी घ्या: निधीचा क्रमांक, देणगीतून कापले जाणारे प्रशासकीय शुल्क, आणि केंद्र बंद झाल्यास पैसा कुठे जाईल. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आले तर तेच उत्तर समजा. कायम निधी उभारायचा विचार असेल तर हिशेब आधी करा. २५,००० डॉलर ठेवले आणि वर्षाला चार टक्के वापरायचे ठरले, तर हातात येतात १,००० डॉलर. एका विद्यार्थ्याच्या फील्डवर्कला तेवढे उपयोगी पडतात, एका चिंपांझीच्या वर्षाच्या खर्चाला मात्र कुठेच पुरत नाहीत. प्राण्यांसाठी कायम निधीपेक्षा दरमहा ठरलेली छोटी रक्कम कामाची, कारण फळे, औषधे आणि पगार दर महिन्याला लागतात.

स्वतंत्र संस्था म्हणजे सुरक्षित, असेही नाही. कॅलिफोर्नियातले 'वाइल्डलाइफ वेस्टेशन' २०१९मध्ये बंद झाले तेव्हा तिथे चाळीसहून अधिक चिंपांझी होते. त्यांना घरे शोधण्यात राज्य सरकारला आणि इतर सँक्चुअरींना काही वर्षे घालवावी लागली. म्हणून मित्रसंस्थेचा किंवा सँक्चुअरीचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक हिशेबाचे विवरण, उघडून बघाच. तो आयआरएस या अमेरिकी करखात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. भाग दहामधली ओळ २७, म्हणजे देणगीदारांच्या अटी नसलेली निव्वळ मालमत्ता, घ्या. त्यातून ओळ १०सीवरची जमीन-इमारतीची रक्कम वजा करा, कारण कुंपण विकून केळी आणता येत नाहीत. उरलेल्या रकमेला भाग नऊच्या ओळ २५वरच्या एकूण खर्चाने भागा आणि बाराने गुणा. एवढे महिने संस्था एकही देणगी न येता तग धरेल. सहाच्या खाली असेल तर काळजीचे, बाराच्या वर असेल तर निर्धास्त द्या. विद्यापीठाच्या फाउंडेशनला हा हिशेब लावता येत नाही. त्यांच्या ९९०मध्ये शेकडो निधी एकत्र असतात, तुमच्या केंद्राची शिल्लक वेगळी मागावी लागते.

एलेन्सबर्गपासून जवळच, क्ली एलमला, 'चिंपांझी सँक्चुअरी नॉर्थवेस्ट' आहे. २००८मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेच्या धंद्यातून सुटलेले सात चिंपांझी तिथे आले, पुढे वेस्टेशनमधलेही काही आले. अशा ठिकाणी पैसा जवळपास पूर्ण देणगीतून येतो. लुइझियानातल्या 'चिंप हेवन'चे तसे नाही. तिथे राहणाऱ्या, केंद्र सरकारच्या मालकीच्या चिंपांझींच्या पालनखर्चाचा ७५ टक्के वाटा २०००च्या कायद्यानुसार सरकार उचलते, २५ टक्के संस्थेने जमवायचे. तुमचे १०० डॉलर त्या २५मध्ये मोजले जातात आणि त्यावर सरकारचे ३०० उभे राहतात.

नावांचा घोटाळा टाळा. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये जे केंद्र आहे ते देशातल्या सात राष्ट्रीय प्रायमेट संशोधन केंद्रांपैकी एक. तिथे माकडांवर वैद्यकीय संशोधन होते आणि मूळ खर्च एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानातून भागतो. एलेन्सबर्गचे विद्यापीठ वेगळे. मॅचिंगच्या (कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर कंपनीने घालण्याच्या) पोर्टलवर घाईत 'वॉशिंग्टन' टाइप करून पहिला पर्याय निवडला, की पैसा भलतीकडे जातो. नावावर विसंबू नका, ईआयएन, म्हणजे संस्थेचा करखात्याचा ओळख क्रमांक, टाका. कंपनीचे मॅचिंग मिळणार असेल तर 'कशासाठी' हा रकानाही भरा, नाहीतर दुप्पट झालेली रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होते.

पावतीचे: २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर संस्थेचे लेखी पत्र हवेच, बँकेचे स्टेटमेंट पुरत नाही. निधीसंकलनाच्या जेवणाचे १५० डॉलरचे तिकीट घेतले आणि जेवण ६०चे असेल, तर देणगी ९०चीच. थेट कॅनडातल्या संस्थेला दिल्यास अमेरिकेतल्या उत्पन्नावर वजावट सहसा मिळत नाही. भारतातून पाठवणाऱ्याला ८०जी ही देणगीवरची करवजावट मिळत नाही, आणि एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढे २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो, जो नंतर विवरणपत्रात परत मागावा लागतो.

पैशाऐवजी वस्तू किंवा वेळ द्यायचा असेल तर सँक्चुअरीचीच बाजू वरचढ. चिंपांझी रोज रात्री नवे अंथरूण रचतात, त्यामुळे पांघरुणे पोत्यांनी लागतात. जाड फ्लीस चालते. झालरी, सुटे धागे, बटणे असलेले देऊ नका, बोटांना दोरा गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबतो. फळांच्या पेट्या न विचारता नेऊन टाकल्या तर शीतगृहात जागा नसते आणि अर्धी फेकावी लागतात. आधी फोन करून दर आठवड्याची एक पेटी ठरवा. स्वयंसेवकाला क्षयरोगाची चाचणी करावी लागते आणि ठरलेली पाळी महिनोन्महिने सांभाळावी लागते. माणसाचे साधे पडसे चिंपांझीला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते, म्हणून नाक गळत असेल त्या दिवशी फोन करून पाळी रद्द करायची.