झिका की सीएमव्ही: पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी जास्त काळजी कशाची?

पुण्यात २०२४ ला गरोदर बायकांना झिका झाला तेव्हापासून आमच्या जळगावकडे पण सगळ्यांना त्याचीच भीती, आणि ती खोटी नाहीये, कारण हा व्हायरस मेंदूच्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशींनाच मारतो, मग मेंदू वाढत नाही आणि डोकं लहान राहतं, ब्राझीलमध्ये २०१५-१६ ला हेच झालं. पसरवतो डेंग्यूवालाच डास, म्हणजे पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेले ड्रम झाका, आठवड्याला घासून कोरडे करा.

पण मला विचाराल तर सीएमव्हीची, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस नावाच्या व्हायरसची, काळजी जास्त करा, कारण तो जगभर कितीतरी जास्त कॉमन आहे आणि नाव कोणी घेत नाही. आईला साधी कणकण येते किंवा काहीच होत नाही. बाळ बहुतेक वेळा जन्मताना ठणठणीत दिसतं, पण काहींना नंतर ऐकू येणं कमी होतं, काहींचा मेंदूचा विकास मागे पडतो. येतो कुठून, तर बऱ्याचदा घरातल्याच लहान पोराच्या लाळेतून, लघवीतून. दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या वहिनी मोठ्या पोराने अर्धं चावून टाकलेलं केळं वाया नको म्हणून स्वतः खातात ना, ते नका खाऊ वहिनी, आणि लंगोट बदलला की साबणाने हात धुवा.

लस दोन्हीवर नाही. सीएमव्हीचा संशय असेल तर बाळाच्या लघवीची किंवा लाळेची टेस्ट पहिल्या २१ दिवसांतच करून घ्या, नंतर जन्माआधीचं इन्फेक्शन की नंतरचं ते कळणं अवघड जातं.