इसबगोल, ज्वारीची भाकर, हळद-दूध, काढा… आठ महिने वापरल्यावरचा माझा अनुभव

दिवाळीच्या पाडव्याला चालू केलं होतं, आता आषाढ लागला, म्हणजे आठ महिने झाले. मी परभणीत राहते, घरीच शिलाईचं काम आहे, सकाळी मशीनवर बसलं की मधला स्वयंपाक सोडला तर दिवेलागणीपर्यंत उठणं होत नाही. पोट साफ न होण्याचा त्रास कितीतरी वर्षांचा, सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू, आणि टाचांना भेगा अशा की फॉल लावायला घेतलेली जॉर्जेटची साडी पायाला लागली की भेगेत अडकून धागा निघायचा.

सगळ्यात आधी इसबगोल, कारण गुणही त्याचाच जास्त आला आणि चूकही त्याच्यातच झाली. सुरुवात एक चमच्यानं केली, पहिला आठवडाभर पोटात गॅस धरायचा, मग हळूहळू दोन चमच्यांवर आले. ग्लासभर कोमट पाण्यात टाकलं की ढवळून लगेच प्यायचं, दोन मिनिटं जरी ठेवलं तरी खळीसारखं घट्ट होतं अन् मग घशाखाली उतरत नाही. वरून अजून एक ग्लास पाणी पाहिजेच, कारण त्याचं काम सगळं पाणी धरून फुगण्यावर आहे, पाणी कमी पडलं तर उलट जास्त घट्ट होतं, हे मी दोनदा भोगलंय. रात्री झोपताना घ्यायचे तोपर्यंत तीन आठवड्यांत इतका फरक पडला की मी शेजारणीला, जाऊबाईला सगळ्यांना सांगत सुटले.

मग कुणीतरी म्हणलं सकाळी अनशापोटी घेतलं तर अजून गुण येतो. थायरॉइडची गोळी पण अनशापोटीच असते, तर मी काय केलं, इसबगोलच्या त्याच ग्लासासोबत गोळी पण घ्यायला लागले, एकाच वेळी दोन्ही कामं उरकली म्हणून. संक्रांतीनंतर परत पोट अडायला लागलं, दुपारी मशीनवरच डोळे मिटायचे, कंगव्यात केसांचा गुंता यायचा, घरात सगळे पंखा लावून बसलेले अन् मला थंडी वाजायची. मला वाटलं इसबगोल कमी पडतंय, मी तीन चमचे केले! शेवटी फाल्गुनात रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतं ते) ११.४, जे वर्षभर ३ च्या आसपास होतं.

डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी एकच विचारलं, ताई गोळी कशासोबत घेता? सांगितलं तर त्यांनी नीट समजावलं, की इसबगोल आतड्यात फुगून जेलसारखं होतं, गोळी त्यात अडकते अन् रक्तात कमी उतरते, आणि थायरॉइड कमी पडलं की आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून पोट अजून अडतं. म्हणजे पोट साफ व्हावं म्हणून जे घेत होते त्यानंच गोळी वाया जात होती आणि पोट परत तिथंच येत होतं. तेव्हापासून गोळी उठल्या उठल्या नुसत्या साध्या पाण्यासोबत, पुढे तासभर चहासुद्धा नाही, कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब, आणि इसबगोल परत रात्री. डोस तोच ठेवला, दोन महिन्यांनी टीएसएच ३.८ आलं. ज्यांची कुठलीही रोजची गोळी चालू आहे त्यांनी असलं काही चालू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचाराच, मी विचारलं असतं तर दोन महिने असे गेले नसते.

भाकर. आधी आमच्यात दोन्ही वेळा चपातीच व्हायची, मुलांच्या डब्यासाठी कणीक मळलेलीच असायची. आता संध्याकाळी ज्वारीचीच, सोबत पालेभाजी नाहीतर वरण, कांदा. दोन भाकरीत पोट भरतं अन् रात्री दहाला परत काही खावंसं वाटत नाही. दळण एकदम जास्त आणू नका, पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते अन् भाकर थापताना कडेला चिरते, मग कंटाळा येऊन माणूस परत चपातीवर येतो, माझं पौषात तसंच झालं होतं. आपल्या इथल्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये परभणी शक्ती नावाची ज्वारी आणली, तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे, मिळाली तर बघा. जेवण झालं की आम्ही दोघं पंधरा मिनिटं चालून येतो, ह्यांची जेवणानंतरची साखर त्यामुळं उतरली. शुगरची गोळी मात्र बंद केलेली नाही.

हळदीचं माझं मत थोडं वेगळं आहे. माझं माहेर वसमतचं, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) मिळालंय, भाऊ दरवर्षी शिजवून वाळवून पॉलिश केलेली हळकुंडं पाठवतो अन् मी ती इथं दळून घेते, त्यामुळं भेसळीची काळजी नाही. पण हळदीतला गुणाचा म्हणतात तो घटक, करक्यूमिन, असतो तीनेक टक्के अन् तोही अंगाला फार लागत नाही. हळद-दुधानं घसा शेकल्यासारखं बरं वाटतं, झोप लागते, पण सर्दी तिच्या वेळेनंच गेली. घशाला खरा आराम ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या केल्या त्याचाच पडला. करक्यूमिनच्या कॅप्सूल मी घेतल्या नाहीत, जास्त मात्रेनं काही लोकांच्या लिव्हरला त्रास झालेला आहे.

सुंठ-मिरे-दालचिनीचा काढा दहा दिवसांत बंद. दिवसातून दोनदा घेत होते, छातीत आग पडायची.

उन्हाळ्यात आंबील रोज, ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवायचं, जिरं-लसूण घालून. मे महिन्यात धाकट्याला जुलाब लागले तेव्हा मात्र आंबिलीवर भागवलं नाही, मीठ-साखरेचं पाणी दिलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, मोजूनच, मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे हजारो रुग्ण वाचवले, त्यात साखरेऐवजी ग्लुकोज होतं अन् सोबत खाण्याचा सोडा, एवढाच फरक. जुलाब थांबेना, लघवी कमी झाली, लेकरू मलूल पडलं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

टाचांसाठी रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून वजरीनं हलकं घासायचं, खोबरेल तेलात मेण वितळवून लावायचं, वर सुती मोजे. महिन्यात भेगा बुजल्या, पण टीएसएच वाढलं होतं तेव्हा कितीही लावलं तरी कातडी कोरडीच राहायची.

वसमतला आईची पण थायरॉइडची गोळी चालू आहे, अन् ती कित्येक वर्षं चहासोबतच घेते. मागच्या आठवड्यात फोन करून तिला पाण्यासोबत घ्यायला लावलीय, चहा तासाभरानं. सकाळी फोन केला की आधी तेच विचारते. दोन महिन्यांनी तिचं रक्त तपासायचं आहे.