एसटीचं अर्धं तिकीट आणि रिटायरमेंटनंतरचा खर्च: काही महिने वापरून बघितल्यावर

पासष्टी झाली आणि एसटीची पन्नास टक्के सवलत मला लागू झाली, तेव्हापासून सातारा-पुणे येणंजाणं सगळं एसटीनेच चाललंय. लालपरी असो की शिवशाही, कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं आणि अर्धं तिकीट घ्यायचं, बास. हिला वयाची अटच नाही, मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे दोघं मिळून एकाच्या भाड्यात लेकीकडे जाऊन येतो.

खरा फरक पडलाय तो इथे. आधी गाडी काढायची म्हणजे पेट्रोल, टोल, शिवाय परतताना अंधार पडला की डोळ्यांना त्रास, म्हणून जाणंच टाळायचो. आता मनात आलं की निघतो. पैसे वाचले का विचाराल तर फार नाही वाचले, कारण फेऱ्या वाढल्या, पण ते पैसे नातवंडांसाठी खर्च होतायत आणि मला हे शंभर टक्के पटतंय.

दुकानांच्या सीनियर डिस्काउंटबद्दल मात्र माझं मत वेगळं झालंय. एका मोठ्या दुकानात ठरावीक वारी ज्येष्ठांना सूट असते पण अमुक रकमेच्या वर बिल झालं तरच, मग नको असलेलं तूप, बिस्किटं ट्रॉलीत येतात आणि बिल फुगतं. दोन माणसांना लागतं किती हो? आता यादी करून कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच आणतो.

औषधांचं म्हणाल तर बीपीची आणि शुगरची गोळी जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून घ्यायला लागलो, डॉक्टरांना विचारूनच. ही काही ज्येष्ठांसाठीची सवलत नाही, कुणालाही मिळते, पण महिन्याच्या खर्चात सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. कपडे, हॉटेल हे आपोआपच कमी झालं, त्याचं काही वाटत नाही.

पोस्टातली सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम पण घेतलीय, ८.२ टक्के व्याज, दर तीन महिन्यांनी जमा होतं. त्यामुळे मेडिक्लेमचा हप्ता, वर्षाचे गहू-तांदूळ असे मोठे खर्च एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीलाच लावून घेतो, पेन्शनला हात लागत नाही.

रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के होती. मी साठीला पोचलो त्याच वर्षी, म्हणजे मला कधी मिळालीच नाही. लोअर बर्थचा कोटा आहे, त्याचा गुडघेदुखीवाल्यांना खूप आधार आहे, पण लांबच्या यात्रेला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी भाड्यातली सवलत परत सुरू व्हायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

घरात कुणी पंच्याहत्तरी ओलांडलेलं असेल तर त्यांना एसटी पूर्ण फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून, फक्त राज्याच्या हद्दीत. आमच्या थोरल्या भावाला हे माहीतच नव्हतं, आता तो दर एकादशीला पंढरपूरला जातो.