पांढरट ग्रॅनाइटचा ओटा, एक बाटली सीलर आणि बोअरचं पाणी : ११ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये ओटा नव्याने केला. काळा घ्या, डोक्याला ताप नाही, यावर गवंड्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण आमचं स्वयंपाकघर अंधारं, पूर्वेला एकच लहान खिडकी. म्हणून मी हट्टाने करड्या ठिपक्यांचा पांढरट ग्रॅनाइट घेतला. दुकानदार म्हणाला, "दगड आहे, त्याला काय होतंय?" आठवड्याच्या आत तेलाच्या बरणीखाली काळपट कडं उमटलं.

मग पाण्याचा थेंब टाकून बघितला. चार-पाच मिनिटांत खालचा दगड गडद झाला, म्हणजे पाणी आत मुरत होतं. सीलर आणला, म्हणजे दगडात मुरून त्याची बारीक छिद्रं बंद करणारं द्रावण. लावण्याआधी ओटा पूर्ण कोरडा हवा, त्यामुळे दोन दिवस पोळीभाजी बाहेरून! माझा ओटा २८ चौरस फूट. दोन हात मारूनही पाव लिटरच लागलं. एक चूक केली: पहिला हात लावून फोनवर बोलत बसले. वरचं जास्तीचं दहा-पंधरा मिनिटांत पुसून घ्यायचं असतं, ते राहिलं आणि चिकट धुरकट थर बसला. तोच सीलर परत थोडा लावून, थर मऊ पडल्यावर घासून काढला. हात भरून आले.

तेलाचं कडं मात्र सीलरच्या आधीच काढलं. खायचा सोडा थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट भिजवून थापला, वर प्लॅस्टिक, २४ तास. असं तीनदा. आता ते मलाच दिसतं, पाहुण्यांना नाही.

हळदीची मला सर्वात धास्ती होती. पहिल्यांदा सांडली तेव्हा साबणाने पुसायला गेले तर डाग लालभडक! मग आठवलं, हळदीला चुना लावून कुंकू करतात, तसंच हे, साबणही क्षारयुक्तच. खिडकीजवळचे हळदीचे डाग सकाळच्या उन्हाने तीन-चार दिवसांत आपोआप उडाले. कोपऱ्यातल्या एकाला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन लावलं.

खरा वैरी निघाला नळ. आमच्याकडे बोअरचं पाणी. सिंकच्या कडेला क्षारांचा पांढरा खरबरीत थर महिन्याभरात धरतो आणि सीलर त्याला अडवत नाही, कारण तो थर दगडात मुरत नाही, वरच साचतो. लिंबू-व्हिनेगरने तो निघतो, हे खरं. ग्रॅनाइट आम्लाला फारशी दाद देत नाही, पण सीलर आणि फरशीचे सांधे देतात. (कडप्प्यावर तर लिंबू नकोच, तो चुनखडीचा दगड. आईच्या जुन्या ओट्यावर चिंचेने घासलेल्या तांब्यांची फिकट वर्तुळं शेवटपर्यंत होती.) मी थर पाण्याने भिजवते, जुन्या एटीएम कार्डाने खरवडते, अगदीच हट्टी असेल तर दाढीचं ब्लेड आडवं धरून. आणि रात्री भांडी झाली की सिंकची कड कोरडी पुसायची. कंटाळा येतो, पण एवढ्यानेच फरक पडला.

भिंतीच्या टाइल्सची गोष्ट माझ्याच मूर्खपणाची. दिवाळीच्या साफसफाईत गॅसमागचे मेणचट सांधे पांढरे करायला संडासाचं अ‍ॅसिड वापरलं. फेस आला, सांधे चकाचक झाले आणि महिन्याभरात वाळूसारखे गळायला लागले. सांध्यात भरलेलं सिमेंटचं ग्राउट असतं, त्याला अ‍ॅसिड खाऊन टाकतं. शेवटी टाइल्सवाल्याकडून तेवढ्या भागात इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट, भरून घेतलं. महाग पडलं, पण फोडणीचं तेल त्यात मुरत नाही. गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. धुण्याचा सोडा फक्त चिमणीखालच्या ओळीला, तोही महिन्यातून एकदा. आणि कितीही घाई असो, अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

रोजचं म्हणाल तर साधं ओलं फडकं, मग कोरडं. 'ग्रॅनाइट स्पेशल' स्प्रेची बाटली आणली होती, ती अर्धी तशीच पडून आहे. घेऊ नका.

काल परत थेंब टाकून बघितला. गॅसजवळ अर्धा तास तसाच उभा राहिला, सिंकजवळ मात्र दहा मिनिटांत दगड गडद झाला. म्हणजे तिथला सीलर धुऊन गेलाय. बाटली पाऊण शिल्लक आहे. कैऱ्या आल्यात, लोणच्याचा मसाला आणि तेल ओट्यावर यायच्या आत त्या भागाला पुन्हा हात मारून घेते.