मोकुहांगाचा संच: मुंबईतला एक पावसाळा काढल्यावर

मोकुहांगा, म्हणजे जलरंगांनी आणि यंत्राशिवाय लाकडी ठशावरून छापण्याची जपानी पद्धत, शिकण्यासाठी मी नवशिक्यांचा एक संच घेतला. पण दादरच्या घरात त्याने पावसाळा काढल्याखेरीज मत द्यायचे नाही असे ठरवले होते, कारण या पद्धतीत कागद, लाकूड आणि रंगात मिसळायची खळ हे सारेच हवेतल्या ओलाव्याच्या तंत्राने वागतात.

संचातील उत्तम वस्तू म्हणजे हांगितो, रेषेच्या दोन्ही कडा कापणारी तिरप्या पात्याची सुरी. तिची धार टिकते. गोल पटाश्या मात्र लवकर बोथट होतात, आणि मग प्लायवूडचे तंतू कापले न जाता उचकटतात.

बारेनबद्दल, म्हणजे ठशावर ठेवलेला कागद वरून घासायच्या चकतीबद्दल, मी समाधानी नाही. व्यावसायिक बारेनमध्ये बांबूच्या तंतूंची पिळलेली दोरी वेटोळे करून बसवलेली असते. येथे नुसती पुठ्ठ्याची चकती आहे, त्यामुळे रेषा स्वच्छ उमटतात, पण रंगाचा मोठा सपाट भाग ठिपकेदार येतो.

पावसाळ्याने मात्र चकित केले. छपाईसाठी कागद ओलसर लागतो, आणि मार्चमध्ये पंख्याखाली त्याच्या कडा सुकून आक्रसत, त्यामुळे रंग जागेवरून सरकत. ठशातच कोरलेल्या केंतो नावाच्या खाचांना कागद टेकवून प्रत्येक रंग नेमक्या जागी बसवतात (१७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबूची बहुरंगी चित्रे छापली गेली ती याच खाचांच्या भरवशावर), पण कागदाचे मापच बदलले तर खाचा तरी काय करणार? जुलैत ही अडचण उरली नाही. उलट संचातल्या तयार खळीला बुरशी आली. आता मी तांदळाच्या पिठाची खळ लागेल तेवढीच शिजवते आणि ओले कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते, ज्यावरून घरात कुरबूर होते ती वेगळी.

वेष्टनावर जुन्या काळचा जपानी चित्रकार हिरोशिगे याच्या चित्रातील उतरत्या निळाईचे आकाश छापले आहे, हे मला फसवे वाटते. त्या काळी चित्रकार, कोरणारा आणि छापणारा वेगवेगळे असत, आणि ओल्या ठशावर ब्रशच्या एकाच टोकाला रंग घेऊन साधायची ती बोकाशी, म्हणजे रंगाची उतरती छटा, छापणाऱ्याच्या हातची होती. संचातल्या आखूड, राठ ब्रशने ती जमत नाही. रंगाची कड स्पष्ट दिसतेच. हांगितो सुटी मिळत असेल तर तीच घ्यावी, आणि उरलेले पैसे चांगल्या बारेनसाठी राखावेत.