सुशीला झकास, टायसन बघवत नाही: औसा रोडवरचं नाश्त्याचं हॉटेल, लातूर

सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा नाश्ता, एक नंबर. मुरमुरे भिजून लगदा होत नाहीत, शेंगदाण्यात हात आखडलेला नाही, लिंबू न मागता येतं. भजे तेलकट, टाळा.

मालक कुस्तीचे शौकीन. 16 नोव्हेंबर 2024 ला सकाळी त्यांनी टीव्हीवर माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलची बॉक्सिंगची लढत लावली. टेक्सासात तेव्हा शुक्रवारची रात्र. टायसन 58 चा, समोरचा 27 चा. फेऱ्याही आठच, त्या दोन-दोन मिनिटांच्या. पहिल्या फेरीत टायसन पुढं घुसला तेव्हा गल्ल्यावरचं पोरगं सुट्टे द्यायचं विसरलं. नंतर पाय जड झाले. खांदा हलायचा, ठोसा निघायचाच नाही. सारखा आपलाच ग्लोव्ह चावत होता. 1986 साली विशीत ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत लोळवून जगज्जेता झालेला तो हाच, हे शेजारच्या कॉलेजच्या पोरांना खरं वाटेना. अख्ख्या लढतीत त्याचे ठोसे लागले 18. शेवटी शेवटी पॉलनं हात आवरता घेतला, वाकून मानही दिला. मला तर तेच जास्त लागलं.

मालक म्हणाले, "जत्रंत असल्या वस्तादाला फेटा बांधून, नारळ देऊन बसवत्यात. ह्येला आखाड्यात उतरवलं की हो!"

पटलं. तरी निकाल लागेपर्यंत कुणी उठलं नाही, मीही नाही.

सर्व्हिसचं म्हणाल तर वेटरही टीव्हीलाच चिकटलेले. सहाव्या फेरीत सांगितलेला चहा निकालानंतर आला, तोही गार. साडेतीन स्टार. सकाळी नऊच्या आत गेलात तर सुशीला गरम मिळते.